आधी टेकडी, मग सायकल

पुण्याच्या पश्चिम अंगाला वेताळ टेकडी उभी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीचा तिचा माथा शहरातील सर्वांत उंच जागा मानला जातो. शहरच मुळी सुमारे 560 मीटरवर वसलेले असल्याने पायथ्यापासूनची चढण तशी बेताची आहे. सत्तरी ओलांडलेली पावलेही ती रोज पहाटे, मध्ये दोनदा थांबून, पार करतात. कोथरूड, पंचवटी, चतुःशृंगी, लॉ कॉलेज अशा अनेक बाजूंनी पायवाटा वर येतात आणि वेताळाच्या देवळापाशी एकमेकींना भेटतात. वाटेत पाण्याने भरलेली जुनी दगडाची खाण लागते, गिरिपुष्पाची झाडी लागते, आणि नशीब चांगले असेल तर झुडपाआडून मोराचा आवाजही येतो.

ही टेकडी आमच्यासारख्या डॉक्टरांची मोठी सहकारी आहे. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचा जडपणा आणि एकटेपणा या चारही तक्रारींवर ती फुकट उपचार करते. अलीकडे मात्र या वाटांवर काठी टेकत चालणाऱ्यांच्या बरोबरीने जाड टायरच्या सायकलींवर बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलेही दिसू लागली आहेत. कालपर्यंत खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर किंवा सिंहगडाच्या डांबरी घाटात बारीक टायरची सायकल दामटणारी ही मुले आता म्हणतात, ‘आम्हाला एमटीबी हवी.’ आई-वडील नोकरीत गुंतलेले असतात. त्यामुळे पैसे द्यावेत का, कोणती घ्यावी आणि मुळात परवानगी द्यावी का, हे तिन्ही प्रश्न अनेक घरांत आजी-आजोबांपुढे येऊन ठेपतात.

माझ्याकडे नियमित तपासणीला येणाऱ्या एका वयस्क जोडप्यापुढे हाच प्रश्न होता. नातू पंधरा वर्षांचा, उंची 168 सेंटिमीटर, दोन वर्षांपासून रस्त्यावरची सायकल चालवणारा. आजोबांनी मुदतठेवीच्या व्याजातून चाळीस हजार रुपये मनाशी बाजूला ठेवले होते. आजींचा स्वर वेगळा होता. “डॉक्टर, रस्त्यावर गाड्यांची भीती, आता डोंगरावर दगडांची. तुम्हीच त्याला नको म्हणून सांगा.”

मी म्हणालो, “आजी, नको म्हणण्याआधी तो कुठे जाणार आहे ते आपण पाहून येऊ. दुकानात नंतर जाता येईल.”

त्याप्रमाणे नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी आजोबा, नातू आणि मी टेकडीवर गेलो. मुलाने मित्राची डोंगरी सायकल तेवढ्या सकाळपुरती मागून आणली होती. पहिली डोंगरी सायकल निवडण्याची ही रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ज्या वाटेवर ती चालायची आहे ती वाट मोठ्यांनी एकदा आपल्या पायांनी चालून पाहावी. मग दुकानातील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

डांबर संपते तिथे

कोथरूडकडून वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता चढू लागलो तेव्हा मुलगा आमच्या फार पुढे होता. त्याची छाती आणि मांड्या कसलेल्या होत्या. दम ही या मुलांची कमाईच असते आणि ती डोंगरावरही उपयोगी पडते. परंतु डांबर संपून मुरमाची वाट सुरू झाली, आणि पन्नास पावलांत त्याचे मागचे चाक जागच्या जागी फिरून तो एका पायावर उतरला. आजोबांच्या कपाळावर आठी उमटली.

कारण सरळ होते. डांबरी रस्ता घट्ट असतो. त्यावर उभे राहून, पुढे झुकून जोर लावला तरी चाक पकड सोडत नाही. मुरमाचे खडे मात्र सुटे असतात. तिथे अंगाचे वजन मागच्या चाकावर राहिले नाही तर चाक घसरते. मुलाने बसूनच, हलक्या गिअरवर, एकसारखे पाय फिरवत पुन्हा प्रयत्न केला आणि तो चढ चढून गेला.

या जागी दोन गोष्टी हाताने तपासण्यासारख्या होत्या. पहिली टायर. रस्त्यावरच्या सायकलीचा टायर साधारण 25 ते 28 मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात 80 पीएसआय किंवा त्याहून अधिक दाबाने हवा भरतात. डोंगरी सायकलीचा टायर सव्वादोन इंचांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून अधिक रुंद असतो आणि पन्नास-साठ किलोच्या मुलाला त्यात 25 पीएसआयच्या आगेमागे हवा पुरते. रस्त्याच्या सवयीने मुले हवा ठासून भरतात. मग टायर दगडावर चेंडूसारखा उडतो, पकड सुटते आणि मनगटांना धक्के बसतात. सायकलीबरोबर दाब दाखवणारा पंप घ्यावा तो यासाठी.

दुसरी गोष्ट गिअर. डोंगरी सायकलीला पुढे एकच दातेरी चक्र असले तर बिचकू नये. आताची चांगली रचना तीच आहे. पुढे 32 दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला 46 दाते असतील, तर पॅडलचा एक पूर्ण फेरा झाला तरी चाकाचा फेरा पुरा होत नाही. म्हणजे चढ हळू, पण कमी जोरात चढता येतो. वाढत्या मुलांच्या गुडघ्यांना हे फार मानवते. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येण्याची तक्रार अनेकदा दिसते. जड गिअरवर जोर काढल्याने ती वाढते.

जिथे ही सायकल जन्मली

मध्यावर एका सपाट कातळावर आजोबा टेकले. “रस्त्यावरचा मुलगा डोंगरावर कशाला?” असे ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांना मी सांगितले की डोंगरी सायकलीचा उगमच मुळी रस्त्यावरच्या सायकलपटूंकडे जातो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे 784 मीटर, म्हणजे आमच्या वेताळ टेकडीच्या माथ्याएवढीच. फरक इतकाच, की तो जवळजवळ समुद्रकाठीच उभा असल्याने त्याचा उतार फार मोठा आहे. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात गॅरी फिशर, जो ब्रीझ यांच्यासारखे रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे तरुण जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन त्या परिसरातील मातीच्या वाटांवरून उतरू लागले. त्या सायकलींना पॅडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. तीव्र उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर नवे भरावे लागे. त्यावरून त्या परिसरातील एका वाटेचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. ऑक्टोबर 1976 मध्ये तिथे पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी ब्रीझ यांनी डोंगरवाटांसाठी मुद्दाम घडवलेली सायकल तयार केली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

या इतिहासातून पालकांनी घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. डोंगरावर त्या तरुणांना सर्वांत आधी ब्रेक अपुरे पडले. खरेदी करताना पैसेही सर्वांत आधी ब्रेककडे वळवावेत.

माथ्यावरचे माप

देवळापाशी पोहोचल्यावर आम्ही मुलाला सायकलीच्या मधल्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभे केले. मित्र त्याच्यापेक्षा उंच होता, म्हणून सायकलही मोठी होती. दांडा आणि जांघ यांत बोटभरही अंतर उरत नव्हते. आजोबा म्हणाले, “असू दे की. वाढता आहे, वर्षभरात बसेल.”

आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची रीत आहे आणि गणवेशापुरती ती योग्यही आहे. सायकल मात्र आजच्या अंगाची हवी. घसरत्या वाटेवर मुलाला कोणत्याही क्षणी पाय जमिनीला टेकवावा लागतो. दांडा उंच असेल तर पाय पोहोचण्याआधी दांडा लागतो. डोंगरी सायकलीसाठी निदान 5 सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. अधिक असली तर उत्तमच. हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली असावीत. हात ताठ झाले की दगडाचा धक्का थेट खांद्यापर्यंत जातो. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली असता खालच्या टोकाला पाय सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पॅडलवर आला की गुडघा हवा तेवढा वाकतो. मुलाच्या उंचीतील पुढची वाढ सामावून घेण्याचे काम सीटचा दांडा करतो. तो हळूहळू वर घेता येतो. फ्रेम मात्र वाढवता किंवा कमी करता येत नाही.

एका कंपनीचा मध्यम आकार दुसऱ्या कंपनीच्या मध्यम आकाराएवढा असेलच असे नाही. म्हणून मुलाला दुकानात प्रत्यक्ष उभे करून पाहावे आणि भेट म्हणून परस्पर सायकल घेऊन येण्याचा मोह टाळावा.

उतार आणि उतारावरची माणसे

उतरताना आजोबांचा हात मी धरला होता, त्यामुळे मुलगा काय करतो ते आम्हाला नीट दिसत होते. त्याने सीट खाली घेतली, पॅडल एका पातळीत ठेवून तो उभा राहिला आणि गुडघे-कोपरे सैल ठेवून सावकाश उतरू लागला. दोन्ही ब्रेकवर त्याचे एकेकच बोट होते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा हाच गुण आहे. बोटभर जोरात चाक आवरते आणि उरलेली बोटे हँडल घट्ट धरू शकतात. तारेच्या डिस्क ब्रेकला हात अधिक शिणतो आणि त्याची तार वरचेवर ताणून घ्यावी लागते.

इथे एक बारीक पण महत्त्वाची सूचना आहे. काही सायकलींत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काहींत डाव्या. मुलाच्या जुन्या सायकलीत जो हात पुढच्या ब्रेकचा आहे तोच नव्या सायकलीतही ठेवून घ्यावा. अचानक दगड आला तर हात सवयीनेच दाबला जातो, आणि उतारावर नकळत पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मुलगा हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो.

रस्त्यावरच्या सायकलपटूंना बूट पॅडलमध्ये अडकवण्याचीही सवय असते. डोंगरावर पहिले काही महिने साधी, रुंद, सपाट पॅडल आणि चांगल्या तळव्याचे बूट वापरावेत. पाय क्षणात सुटला पाहिजे.

त्याच वाटेवर समोरून दोन वयस्कर भगिनी चढत होत्या. मुलगा दहा-बारा पावलांवर थांबला, बाजूला उतरून उभा राहिला आणि म्हणाला, “आजी, तुम्ही जा आधी.” आजोबांच्या चेहऱ्यावरची आठी तेव्हा पहिल्यांदा गेली. मला या शिस्तीचे मोल फार वाटते. वयोमानाने ऐकू कमी येते, मान चटकन वळत नाही, तोल सावरायला वेळ लागतो. मागून आलेल्या सायकलीच्या नुसत्या दचक्याने ज्येष्ठ व्यक्ती पडू शकते आणि त्या वयातील खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अनेकदा स्वावलंबनच गमावणे. म्हणून टेकडीवर मुलाने माणसे दिसताच वेग चालण्याइतका करावा, दुरूनच हाक द्यावी आणि वाट अरुंद असेल तर उतरून उभे राहावे. सायकलीला घंटी असावी. सकाळच्या गर्दीची वेळ टाळता आली तर अधिक चांगले. पावसाळ्यात चिखल झालेल्या वाटेवर सायकल नेऊच नये. चाकांच्या चऱ्यांतून पुढे पाणी वाहते, वाट खचते आणि चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात. सायकलीला मनाई असलेल्या वाटा आणि ठरवून दिलेल्या वेळा पाळणे हे तर ओघानेच आले.

चाळीस हजारांची वाटणी

खाली आल्यावर चहा घेता घेता आजोबांनी खिशातून डायरी काढली. पुढे आणि मागे, दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घ्यावी असे मुलाच्या मनात होते. ती दिसायला रुबाबदार असते. परंतु मागच्या सस्पेन्शनला सांधे अधिक, निगा अधिक, वजनही अधिक. स्वस्तातील असे सस्पेन्शन नुसते हिंदकळते आणि चढावर मुलाच्या पायांचा जोर खाऊन टाकते. आम्ही नुकतीच पाहिलेली वाट मुरमाची, खड्यांची आणि मध्यम उताराची होती. तिथे केवळ पुढे सस्पेन्शन असलेली, जिला दुकानदार हार्डटेल म्हणतात, ती सायकल पुरेशी आहे. पुढच्या सस्पेन्शनची दबण्याची क्षमता 100 ते 120 मिलिमीटर असली की काम भागते. मागच्या चाकाला धक्के बसतात म्हणून मुलगा वाट नीट निवडायलाही लवकर शिकतो.

डायरीत शेवटी असे ठरले: सायकलीवर तेहतीस हजारांपर्यंत खर्च करायचा आणि उरलेल्या सात हजारांत हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्यांची कवचे, पंप, पंक्चरचे साहित्य आणि पहिल्या दोन महिन्यांनंतरची दुरुस्ती-तपासणी भागवायची. या रकमेत मनासारखे ब्रेक असलेली नवी सायकल मिळाली नाही, तर एखाद्या माहितीतल्या घरची, मापाची, वापरलेली सायकल पाहायलाही हरकत नाही. मात्र फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः हँडलच्या खालच्या भागात, तडा नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. हेल्मेट मात्र कधीही दुसऱ्याचे वापरलेले घेऊ नये. एकदा जोराचा आघात सोसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक-दोन बोटे जावीत.

घरातील मोठ्यांसाठी

आजींच्या शंकेला मी जे उत्तर दिले ते इथे सर्वांसाठी देतो. मुलगा पडणार नाही, असे आश्वासन कोणीच देऊ शकत नाही. पडल्यावर काय पाहायचे, हे मात्र घरात ठाऊक असले पाहिजे.

डोक्याला मार लागून उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका किंवा कान-नाकातून पाणी अथवा रक्त, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. यांपैकी काही नसले आणि मुलगा केवळ क्षणभर गोंधळला, तरी त्या दिवशी त्याने पुन्हा सायकलवर बसू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

हातावर पडल्यावर मनगट दुखले तर ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल लावून बसू नये. या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि तिला झालेली इजा मुरगळण्यासारखीच भासते. काही अस्थिभंग पहिल्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. दुखणे टिकले तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी लागते.

हँडलचे टोक पोटात घुसून होणारी इजा पालकांना फारशी माहीत नसते. वर फक्त लहानसा गोल वण दिसतो, आत मात्र यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला मार लागलेला असू शकतो. असा वण दिसला, पोटात दुखू लागले, उलटी झाली, तर वाट पाहू नये. हँडलच्या दोन्ही टोकांची बुचे शाबूत आहेत ना, हे दर आठवड्याला पाहण्याचे काम आजी-आजोबांनी खुशाल स्वतःकडे घ्यावे. त्याला चष्मा पुरतो, ताकद लागत नाही.

धनुर्वाताची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात 10 आणि 16 व्या वर्षी टीडी या नावाने दिली जाते. मुलाची नोंद तपासून ठेवावी. एकट्याने डोंगरात जाऊ नये. कोणत्या बाजूने चढणार आणि किती वाजता परतणार, हे घरात सांगून जावे, आणि पाण्याची बाटली भरलेली असावी.

त्या घरात सायकल आली, तिला दीड महिना झाला. आजींनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने नातवाच्या उंचीची खूण केली आहे आणि शेजारी तारीख घातली आहे. दर तीन महिन्यांनी खूण पाहायची, उंची वाढली असेल तर सीटचा दांडा वर घ्यायचा आणि मग पुन्हा टाच पॅडलवर ठेवून मोजायचे, असा त्यांचा नियम ठरला आहे. हेल्मेटचा पट्टा तपासल्याशिवाय नातवाला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आजोबा रविवारी त्याच्या आधी निघतात आणि देवळापाशी बाकावर त्याची वाट पाहतात. परवाच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब पूर्वीपेक्षा थोडा उतरलेला आढळला.